काळं तेल कुणाच्या दारी?

माझी ताई चेन्नईत अड्यारला राहते. मुलांची शाळा, भाजी, बँक, संध्याकाळी बेझंटनगरचा समुद्रकिनारा, सगळीकडे तिच्या सोबतीला असते ती तिची ११० सीसीची स्कूटर. मागच्या सुट्टीत तिच्याकडे गेले तेव्हा ही सखी जरा जास्तच घरघरत होती.

"तेल कधी बदललंस गं?" मी विचारलं.

"दिवाळीला बहुतेक."

"कुठल्या दिवाळीला?"

यावर ताई नुसती हसली. भाऊजी कामानिमित्त बाहेरगावी होते. गॅरेजमध्ये दोन दिवस गाडी अडकवण्यापेक्षा आपणच बदलू या, असं आम्ही दोघी बहिणींनी ठरवलं.

खरं तर आमच्या घरात हे काम कुणी केलेलं मी पाहिलं नव्हतं. बाबांकडे चेतक होती. पुण्याजवळ आकुर्डीत १९७२ पासून बनू लागलेल्या या स्कूटरवर महाराष्ट्रातल्या किती घरांनी संसार वाहिले असतील! ती टू-स्ट्रोक. पंपावर लिटरमागे २० मिलिलिटर तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं आणि ते जळून निळ्या धुरातून निघून जायचं. गिअरबॉक्सचं तेल तेवढं मेकॅनिक कधीतरी बदलायचा. आताच्या स्कूटर फोर-स्ट्रोक आहेत. त्यांचं तेल जळून जात नाही, इंजिनातच फिरत राहतं. घासणाऱ्या भागांना वंगण देतं, उष्णता वाहून नेतं आणि काजळी, धातूची बारीक कणी पोटात घेतं. म्हणून ते काळं होतं आणि म्हणूनच ते बदलावं लागतं.

किती दिवसांनी? गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत किलोमीटरचा आकडा असतो, तोच प्रमाण मानावा. गाडी कमी चालत असली तरी वर्षातून एकदा बदल हवाच. चेन्नईसारखा उकाडा, सिग्नलला थांबत थांबत जाणं आणि जेमतेम दोन किलोमीटरच्या फेऱ्या यांनी तेल लवकर थकतं.

आता कृती. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावा. इंजिन तीन-चार मिनिटं चालू ठेवून बंद करा. कोमट तेल पातळ होतं आणि घाणीसकट बाहेर येतं. मात्र लगेच हात घालू नका, सायलेन्सरचा चटका जबर असतो. इंजिनाखाली जुनं घमेलं ठेवा. आधी वरची डिपस्टिक सैल करा, मग बरोबर मापाच्या पान्याने खालचा ड्रेन बोल्ट सोडा. इथे पुस्तिकेतलं चित्र पाहायला विसरू नका. मागच्या चाकाजवळ गिअर ऑइलचा वेगळा बोल्ट असतो आणि हौशी माणसं हमखास तोच उघडतात!

फिल्टरचं काय? अशा बऱ्याच स्कूटरना मोटारीसारखा कागदी फिल्टर नसतो. एका टोपणामागे बारीक जाळी असते. टोपण काढताना आतली स्प्रिंग टुणकन उडते, तेव्हा बोट धरून ठेवा. जाळी रॉकेलमध्ये धुऊन, पूर्ण वाळवून, होती तशीच बसवा. काही गाड्यांत कागदी फिल्टर असतो. तो धुवायचा नाही, पुस्तिकेत सांगितलेल्या वेळी नवा घालायचा. बोल्टची वॉशर चेपली असेल तर नवी घ्या. बोल्ट घट्ट करा, पण त्यावर सगळा जोर काढू नका. आटे गेले तर दहा मिनिटांचं काम महागात पडतं.

नवं तेल घेताना डब्यावरची अक्षरं वाचा. पुस्तिकेत तेलाचा दाटपणा दिलेला असतो, उदाहरणार्थ १०डब्ल्यू-३०. त्याशिवाय 'जासो एमबी' हा शिक्का बिनगिअरच्या स्कूटरच्या तेलावर असतो, तर 'एमए' मोटरसायकलच्या. मोटरसायकलचा क्लच तेलात बुडालेला असतो, स्कूटरचा कोरडा, म्हणून हा फरक. ताईच्या गाडीला पाऊण लिटरच्या आसपास तेल लागतं. ते ओतून इंजिन दोन-तीन मिनिटं चालवायचं, बंद करून थोडं थांबायचं आणि डिपस्टिकवर पातळी पाहायची. दोन खुणांच्या मध्ये हवी. जास्त झालेलं तेलही कमी तेलाइतकंच वाईट.

अर्ध्या-पाऊण तासात आमचं काम झालं. स्कूटर सुरू केली तर आवाज कसा मऊ! ताईने टाळी दिली. खाली घमेल्यात डांबरासारखं काळं तेल उरलं होतं. मी ते उचललं आणि फाटकाजवळच्या पावसाळी गटाराकडे निघाले. त्या वेळी मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, हे कबूल करते.

"बाळ, ते तिथे ओतू नकोस," मागून मराठीत हाक आली.

शेजारचे आजोबा पेपर वाचत बसले होते. तंजावरच्या मराठी घराण्यातले. पिढ्यान् पिढ्या तमिळनाडूत राहूनही घरात त्यांची स्वतःची मराठी बोलतात. त्यांनी मला एवढंच विचारलं, की हे गटार कुठे जातं ते ठाऊक आहे का? मला ठाऊक नव्हतं. ते नदीत जातं, ते म्हणाले.

संध्याकाळी ताई मला नदी दाखवायला घेऊन गेली. अड्यार नदी इथेच बंगालच्या उपसागराला मिळते. काठावर थिऑसॉफिकल सोसायटीचं १८८२ पासूनचं विस्तीर्ण आवार आहे आणि त्यात तो प्रसिद्ध जुना वड. पलीकडे २०११ मध्ये खुलं झालेलं ५८ एकरांचं अड्यार पूंगा हे उद्यान, मोडकळीला आलेली खाडी पुन्हा जिवंत करण्यासाठी उभं केलेलं. आणि मुखाशी उरूर कुप्पम, कोळ्यांची वस्ती. होड्या वाळूवर ओढलेल्या, जाळी वाळत घातलेली. माझं घमेलं इथे येऊन पोचलं असतं.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा हिशेब असा, की एक गॅलन वापरलेलं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं. म्हणजे आमच्या पाऊण लिटराला साडेसात लाख लिटर! तेलाचा तवंग पाण्यावर पसरला की खाली हवा पोचत नाही आणि त्यातली धातूची कणी गाळात बसते. बाबांच्या चेतकचं तेल धुरातून जायचं, तेही चांगलं नव्हतंच. पण आपलं तेल आपल्या हातात उरतं. ते कुठे जाणार, हे आता आपणच ठरवतो.

आपल्याकडे २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४ पासून तेलाच्या उत्पादकांवर त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारीही टाकली आहे. आपण करायचं ते अगदी सोपं. जुनं तेल फनेलने घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, त्यात पाणी किंवा रॉकेल मिसळू नका आणि ज्या गॅरेजमध्ये जुन्या तेलाचं पिंप असतं तिथे नेऊन द्या. जाळी धुतलेलं रॉकेल वेगळ्या बाटलीत न्या. नव्या तेलाचा रिकामा डबा मात्र भोक पाडूनच भंगारात टाका, म्हणजे त्यात कुणी बनावट तेल भरून विकणार नाही.

जाता जाता आणखी एक. डिसेंबर २०१५ मध्ये याच अड्यार नदीला महापूर आला आणि काठच्या वस्त्यांत तळमजल्यावरच्या गाड्या पाण्यात गेल्या. मुंबईने २००५ मध्ये, सांगली-कोल्हापूरने २०१९ मध्ये तेच सोसलं. अशी बुडालेली स्कूटर "बघू चालते का" म्हणून सुरू करू नका. इंजिनात पाणी असेल तर ते कायमचं निकामी होऊ शकतं. डिपस्टिक काढून पाहा. तेल दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंच आहे. गाडी ढकलत मेकॅनिककडे न्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आणि मी डबा घेऊन गॅरेजमध्ये गेलो. मालकाने काही न विचारता तो पिंपात रिकामा केला. परतताना आजोबा अंगणात होते. ताईने रिकामा डबा उंच धरून त्यांना दाखवला. त्यांनी पेपरातून मान वर केली, हसले आणि पुन्हा वाचू लागले.