फीत पुसली, शहर पुसले

१/ इतिहासप्रेमी मित्रहो, मोडी लिपीतील दफ्तरे रद्दीत गेली, वाण्याच्या पुड्या झाली, वाळवीने खाल्ली, हे वाचताना आपला संताप अनावर होतो. तो रास्तच आहे. हा धागा त्याच संतापाविषयी आहे. मात्र या वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात आपलाच काळ उभा आहे. विषय : मुंबई दूरदर्शन.

२/ दिल्लीत प्रायोगिक दूरचित्रवाणी १९५९ साली सुरू झाली. मुंबई केंद्र उघडले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढच्याच वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे ते पुण्यातही दिसू लागले. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तोवरच्या दशकभरात पडद्यावरची संध्याकाळ प्रामुख्याने या शहराची आणि त्याच्या आसमंताची होती.

३/ कार्यक्रमांची नावे पाहा. शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती आमची माणसं’, कामगारांसाठी ‘कामगार विश्व’, साहित्यिकांशी संवादाला ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, प्रहसनांचा ‘गजरा’, लोकशिक्षणाचे ‘ज्ञानदीप’. गुजराती प्रेक्षकांसाठीही स्वतंत्र कार्यक्रम होते. स्मिता पाटील चित्रपटांत येण्यापूर्वी याच केंद्रावरून मराठी बातम्या देत असत. एक बहुभाषिक महानगर रोज स्वतःशीच बोलत होते.

४/ आता साधनमूल्याचा प्रश्न. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगावाचे विघटन वेगाने होत गेले. गिरण्या किती आणि चात्या किती, हे अहवाल सांगतील. पण कामगार प्रश्न विचारताना कोणता शब्द वापरी, साहेबापुढे कसा उभा राही, कुठे अडखळे, हे अहवालात उतरत नाही. ते चित्रफितीत उतरते. असे साधन शिवकालाला लाभले नाही. आपल्या काळाला लाभले, आणि आपण त्याचे काय केले?

५/ सुरुवातीचे कित्येक कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत. ते ध्वनिचित्रमुद्रित झालेच नाहीत. जे झाले, त्यांतील अनेकांच्या फिती पुसून त्यांवरच नवे कार्यक्रम घेतले गेले. पूर्वी चर्मपत्र महाग म्हणून जुन्या चर्मपत्रावरचा मजकूर खरवडून त्यावर नवा लिहीत, तोच हा प्रकार. फरक एवढाच, की खरवडलेली अक्षरे कधीकधी पुन्हा वाचता येतात. पुसलेली फीत सहसा परत बोलत नाही.

६/ पहिला बचाव : फिती महाग होत्या. मान्य. बीबीसीनेही त्या काळात फिती पुसल्या. पण पुढे तिने काय गमावले याच्या याद्या झाल्या, शोध सुरू झाला, आणि ‘डॉक्टर हू’चे काही हरवलेले भाग २०१३ साली थेट नायजेरियातून परत मिळाल्याचे जाहीर झाले. चूक सर्वत्र झाली. चुकीचा हिशेब मांडण्याची लाज मात्र आपल्यालाच वाटते.

७/ दुसरा बचाव : कायदा काय सांगतो? तर १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत चार ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागते. त्यांपैकी एक मुंबईत आहे. फुटकळ पुस्तिकेलाही हे संरक्षण आहे, पण प्रक्षेपित कार्यक्रमाला नाही. प्रसार भारती कायद्याच्या १२व्या कलमात संग्रहालय उभारण्याचा उल्लेख आहे. परंतु ती मुभा आहे, बंधन नव्हे.

८/ हे अशक्य आहे काय? फ्रान्सने १९९२ साली कायदा करून आकाशवाणी व दूरचित्रवाणीचे कार्यक्रम जतनासाठी जमा करणे बंधनकारक केले. २००६ साली तेथील राष्ट्रीय संस्थेने आपल्या संग्रहाचा काही भाग जनतेसाठी महाजालावर खुला केला. म्हणजे प्रश्न तंत्राचा कमी आणि इच्छेचा अधिक आहे.

९/ तिसरा बचाव : “जुने कार्यक्रम यूट्यूबवर दिसतात की!” दिसतात, आणि त्याबद्दल कृतज्ञताही आहे. पण निवड म्हणजे संग्रह नव्हे. प्रसिद्ध चेहरे वर येतात आणि अनामिक कामगार, शेतकरी, गृहिणी तळाशी राहतात. काय उरले आणि काय गेले, हे अभ्यासकाला विचारता येते, तेव्हाच त्याला दफ्तर म्हणावे.

१०/ आता आपलाही कान पकडू. “टीव्ही म्हणजे करमणूक, तो कसला इतिहास?” हे आपल्यातलेच लोक म्हणतात. मित्रहो, पोवाडा तरी काय होता? अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा आज आपण साधन म्हणून अभ्यासतो. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. घराघरांतल्या जुन्या कागदांना त्यांनी मान दिला, म्हणून ते साधन ठरले.

११/ काळही थांबणार नाही. चुंबकीय फितीवरचा लेप वर्षांगणिक झडतो. ती चालवणारी जुनी यंत्रे आता बनत नाहीत आणि दुरुस्त करणारे हात निवृत्त होत आहेत. स्वामित्वहक्काच्या ६० वर्षांच्या नियमाने १९७२ चे कार्यक्रम १ जानेवारी २०३३ रोजी मुक्त होतील. तोवर वाट पाहिली, तर हक्क मुक्त होईल आणि हाती कोरी फीत येईल.

१२/ म्हणून मागण्या तीन. उरलेल्या आणि पुसलेल्या कार्यक्रमांची सूची प्रसिद्ध करा. १९५४ च्या कायद्याच्या धर्तीवर प्रक्षेपणाच्या जतनाचा कायदा करा. अभ्यासकांना फिती मुंबईतच, मराठी सूचीसह पाहता येऊ द्या.

१३/ आणि आपण? घरात जुन्या व्हीएचएस कॅसेट असतील, तर त्या भंगारात देण्यापूर्वी त्यांवर काय आहे ते एकदा पाहा. आजी-आजोबांनी मुद्रित केलेली एखादी संध्याकाळ त्यांत असू शकते. शंभर वर्षांनंतरचा अभ्यासक आपल्याला रद्दीवाल्यांच्या रांगेत बसवील की राजवाड्यांच्या, हे अजून ठरायचे आहे.