परसातले चार पत्रे

आमच्या परसात सरपण, जुनी सायकल आणि कुंड्या दर पावसाळ्यात भिजतात. चार खांब रोवून वर पत्रे टाकावेत, यावर यंदा घरात एकमत झाले. शेजारच्या काकांनी मात्र कुंपणावरून विचारले, "परवानगी घेतलीत का?" मी हसलो. जागा माझी, पत्रे माझ्या पैशाचे, परवानगी कसली?

हसू फार टिकले नाही. राज्याच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार जमिनीवर केलेले बांधकाम म्हणजे 'विकास', आणि विकासाला लेखी परवानगी हवी. आपल्या हातून सरपणाच्या शेडच्या रूपाने का होईना, विकास घडतो आहे, हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींना फार बरे वाटले!

थट्टा सोडा. घराभोवती सामासिक अंतर सोडायचे ते उजेड-वाऱ्यासाठी, आग लागली तर आत शिरता यावे यासाठी. माझ्या पत्र्यांचे पाणी काकांच्या भिंतीत मुरणार असेल, तर त्यांचा प्रश्न रास्तच आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. २०२० मध्ये बृहन्मुंबई आणि काही क्षेत्रे वगळून राज्यासाठी एकच नियमावली आली, हे चांगले झाले. पण ती जाडजूड नियमावली वाचून 'माझी शेड चालेल का?' याचे उत्तर सामान्य माणसाला सापडत नाही. मग तो मध्यस्थ गाठतो, नाहीतर सुटीच्या दिवशी पत्रे ठोकून मोकळा होतो. दोन्हींत कायद्याचा मान जातो.

इंग्लंडमध्ये शेड कुंपणापासून दोन मीटरच्या आत असेल तर उंची अडीच मीटरपर्यंतच, घराच्या दर्शनी बाजूपुढे नको, आणि अशा बांधकामांनी घराभोवतालची निम्म्याहून अधिक जागा व्यापायची नाही. एवढ्या मुख्य अटी पाळल्या की बहुतेक घरांना अर्जच लागत नाही. गृहस्थ टेप घेऊन स्वतःच मोजतो.

आपल्या नगरपालिकांनीही दारावर एक पानभर मराठी फलक लावावा: किती उंच, किती मोठी, कुंपणापासून किती दूर. नियम कळला तर पाळणारे पुष्कळ आहेत.

मी अर्ज करतो आहे. नियमात बसणाऱ्या अर्जावर साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. नकाशा आधी काकांना दाखवला. "पन्हाळ तुमच्या बाजूला वळवा," एवढेच ते म्हणाले. वळवली, आणि मगच सही केली.