यंत्राला आधी चार हात मोजायला शिकवा

तिबेटी थांगका चित्रांत बुद्धाची आकृती ठरलेल्या रेषांच्या जाळीवर बेतलेली असते. त्यामुळे संगणकाला तिची प्रमाणं मोजायला भक्कम आधार मिळतो. संगणकाकडून चित्रं मोजून घेण्याचं असं काम आपल्याकडेही व्हावं, असं सांगलीत चित्रकला शिकवताना मला सतत वाटतं. शेजारच्या साताऱ्यात खजिना आहे: मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं, औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभारलेल्या भवानी संग्रहालयातली लघुचित्रं.

पण माणसाची ठेवण ओळखणारी यंत्रं बहुधा छायाचित्रांवर शिकलेली असतात. एका प्रचलित नमुन्यात अंगावरचे 17 बिंदू धरतात. त्यांत खांदे दोन, कोपरं दोन, मनगटं दोन. समोर चतुर्भुज विष्णू आला की उरलेले दोन हात कुठे मांडायचे? शंख, चक्र, गदा, पद्म यांचा क्रम बदलतो तशी विष्णूची 24 रूपं होतात. संध्येतली केशवापासूनची नावं तीच. हात चुकला की देवच चुकला!

म्हणून यंत्राला शिकवण्यासाठी चित्रांच्या छायाचित्रांवर खुणा करण्याचं काम एकट्या संगणकवाल्यांवर सोडू नये. मूर्तिशास्त्राचे अभ्यासक आणि जिल्ह्यातले चित्रकार शेजारी बसवावेत, रीतसर मानधन देऊन. त्याहीआधी मेणवलीच्या प्रत्येक चित्रित भिंतीची मोजपट्टी आणि रंगपट्टी लावून छायाचित्रं घ्यावीत, तीही येत्या पावसाळ्याच्या आत. ओल धरून पोपडा गळाला की त्याच्याबरोबर चेहराही जातो, आणि तो कुठलंही यंत्र परत आणणार नाही.