कृष्णाने गोवर्धन उचलला की नाही? 'अमर चित्र कथा' वाचताना हे लक्षात ठेवा

पुराणातल्या कृष्णाचं नाव काढलं की डोळ्यांसमोर निळा रंग, मोरपीस आणि करंगळीवर तोललेला गोवर्धन येतो. अनेकांच्या मनात हे चित्र पक्कं होण्यात 'अमर चित्र कथा'चा मोठा वाटा आहे. पण याच मालिकेतल्या 'कृष्ण' अंकाच्या पहिल्या आवृत्तीत पर्वत उचलण्याचं दृश्य टाळलेलं होतं.

असं का झालं?

1967 मध्ये अनंत पै यांनी इंडिया बुक हाऊससाठी ही मालिका सुरू केली. दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजुषेत मुलांना ग्रीक देव माहीत होते, पण रामाच्या आईचं नाव सांगता आलं नाही, हा किस्सा पै नेहमी सांगत. 'कृष्ण' अंकाची चित्रं राम वाईरकर यांनी काढली. आधुनिक वाचकाला पटावं म्हणून पै यांनी सुरुवातीला चमत्कारांना कात्री लावली. पुढच्या सुधारित आवृत्तीत मात्र गोवर्धन उचलला गेला.

म्हणजे कथा तीच, पण काय दाखवायचं हे संपादकाने ठरवलं.

मग अडचण काय?

कीर्तनात किंवा आजीच्या तोंडून ऐकलेली गोष्ट दर वेळी थोडी बदलते. ऐकणारा आपापला कृष्ण मनात रंगवतो. चित्रकथेत चेहरा, कपडे, रंग सगळं ठरलेलं असतं. शिवाय एका अंकाला साधारण 32 पानं. त्यामुळे उपकथा आणि वेगवेगळ्या परंपरांतली पाठांतरं गळतात. महाभारतासाठी तर 1985 पासून तब्बल 42 अंक काढावे लागले. त्यातली चित्रं दिलीप कदम यांची.

गोरे देव, काळेसावळे राक्षस आणि दुय्यम भूमिकेतल्या स्त्रिया यावरही अभ्यासकांनी टीका केली आहे. ती रास्त आहे, कारण सात-आठ वर्षांचं मूल चांगलं-वाईट ओळखायला आधी रंग बघतं, संवाद नंतर वाचतं.

मुलांना द्यावी की नाही?

जरूर द्यावी. रामायण-महाभारताची गोडी लावणारं इतकं सोपं साधन क्वचितच मिळतं. फक्त अंक वाचून झाल्यावर तीच गोष्ट घरातल्या कुणीतरी आपल्या शब्दांत सांगावी. दोन्हींत फरक निघाला, तर मुलं "खरं कुठलं?" असं विचारतील. पुराणकथा एकाहून अधिक तऱ्हांनी सांगितल्या जातात, हे त्यांना कळण्याची सुरुवात त्याच प्रश्नापासून होते.