वाळूला बांधणारे जीवाणू, तिला धरणारा काथ्या

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छची भूमी हादरली, तेव्हा रणात एक विलक्षण दृश्य दिसले. भेगाभेगांतून पाणी आणि वाळू उसळून वर आली. लुप्त सरस्वती पुन्हा प्रकटली, अशी चर्चाही त्या दिवसांत झाली. श्रद्धावान मनाला तसे वाटणे स्वाभाविक होते. पण कारण जमिनीच्या अगदी वरच्या थरांत होते. पाण्याने भरलेली सैल वाळू हादऱ्यांनी दबू पाहते, कणांमधील पाण्याचा दाब वाढतो, कणाला कणाचा असलेला टेकू सुटतो आणि घट्ट भासणारी जमीन काही क्षण द्रवासारखी वागू लागते. चांग, शिवलखा, टप्पर, फतेहगढ येथील मातीच्या धरणांना त्या दिवशी जी हानी पोहोचली, तिचे मोठे कारण पायाखालची हीच माती होती.

त्याच कच्छमध्ये बन्नीच्या गवताळ प्रदेशातील कित्येक भुंगे मात्र तगले. गोल आकार, जाड मातीची भिंत, शेणमातीचा लेप आणि गवताने शाकारलेले हलके छप्पर अशी त्यांची रचना. त्यांच्या टिकाऊपणाचे श्रेय प्रामुख्याने आकाराला आणि हलक्या छपराला आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तरीही मातीत वनस्पतींचे तंतू मिसळले म्हणजे ती तडकत नाही, हे ज्ञान या देशाला नवे नाही. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले होते आणि त्यामुळे तो शतकानुशतके टिकला, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुरातत्त्व खात्यातील एका माजी रसायनतज्ज्ञाने व मराठवाड्यातील एका वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे.

आता या जुन्या ज्ञानाला आधुनिक जीवशास्त्राची जोड मिळत आहे. मातीतच राहणारा 'स्पोरोसार्सिना पाश्चुरी' नावाचा एक निरुपद्रवी जीवाणू युरियाचे विघटन करणारे विकर निर्माण करतो. त्यातून कार्बोनेट तयार होते. सोबत कॅल्शियमचे क्षार दिले की वाळूच्या कणाकणांच्या सांध्यांवर चुनखडीचे सूक्ष्म स्फटिक जमतात. निसर्गाला वालुकाश्म घडविण्यास जो प्रदीर्घ काळ लागतो, ते काम येथे काही दिवसांत साधते. नेदरलँड्समध्ये १०० घनमीटर वाळूवर केलेल्या अशा प्रयोगाचे निष्कर्ष २०१० सालीच प्रसिद्ध झाले. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने 'इस्रो'च्या सहकार्याने याच जीवाणूकडून चंद्रावरील मातीसारख्या भुकटीची वीट घडवून घेतली. २०२० साली जाहीर झालेल्या त्या कामात बळकटीसाठी गवारीच्या बियांचा डिंक वापरला होता. चंद्रासाठी जे जमते ते कच्छसाठी का जमू नये, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल.

जीवाणूंनी बांधलेल्या वाळूत एक उणीव असते. ती ठिसूळ असते. दाब सोसते, पण ताण आला की एकाएकी फुटते. येथे तंतू उपयोगी पडतात. वाळूत मिसळलेले काथ्याचे आखूड धागे भेगेच्या दोन्ही काठांना धरून ठेवतात आणि त्यांच्या खरबरीत पृष्ठभागावर स्फटिकही चांगले जमतात. काथ्यात लिग्निनचे प्रमाण मोठे असल्याने तो अन्य वनस्पतिजन्य तंतूंच्या मानाने सावकाश कुजतो. हेच काम कारखान्यात तयार झालेले पॉलिप्रॉपिलीनचे धागेही करतात, आणि अधिक काळ करतात. पण ते कधीच मातीत मिसळत नाहीत, शिवाय नारळाच्या सोढणावर पोट असलेल्या किनारपट्टीतील घरांना त्यांचा काडीचाही लाभ नाही.

काथ्या मंडळ स्थापन करणारा कायदा १९५३चा. काथ्याच्या जाळीला ग्रामीण रस्त्यांत अधिकृत स्थान मिळाले ते मात्र २०२० साली, जेव्हा प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत ७ राज्यांतील १,६७४ किलोमीटर रस्त्यांसाठी तिचा वापर ठरला. त्यात महाराष्ट्राचा वाटा ३२८ किलोमीटरचा होता. निर्णय स्वागतार्हच, पण मधल्या ६७ वर्षांचे काय? स्वदेशीचा उच्चार सोपा असतो. शासकीय दरसूचीत आणि निविदेत तिला जागा मिळवून देणे कठीण असते.

जीवाणूंच्या बाबतीत हा विलंब परवडणारा नाही. अर्थात अडचणी खऱ्या आहेत. या प्रक्रियेत अमोनियम शिल्लक राहते. ते धुऊन काढून त्याची विल्हेवाट लावली नाही तर भूजल दूषित होईल. युरियाही शेतकऱ्याच्या वाट्यातून काढून वाळूत ओतता येणार नाही. गोमूत्रात युरिया असतो हे खरे. पण तो किती, त्यावर जीवाणू किती जोमाने काम करतात आणि एका घनमीटरला किती लिटर लागेल, याचे मोजमाप झाल्याखेरीज त्याचा उद्घोष करणे हे गोमातेच्या भक्तीलाही शोभणारे नाही.

म्हणून प्रयोगशाळेतील नळकांड्यांपुरते समाधान न मानता कच्छमधील एखाद्या लहान मातीच्या धरणाचा पायथा निवडावा. तेथील वाळूतूनच जीवाणू वेगळे करावेत, काथ्या मंडळाने धागा पुरवावा, अभियांत्रिकी महाविद्यालयाने मोजमापे घ्यावीत. शेजारीच तितकाच तुकडा काहीही न करता सोडावा आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर दोन्हींची ताकद व आसपासच्या विहिरींतील अमोनियम यांचे आकडे, चांगले असोत वा वाईट, गावकऱ्यांसमोर मांडावेत.