टर्मिनल कोणतं, हे घरात कोण सांगणार?

दिल्ली विमानतळाला दोन वेगळ्या मेट्रो लाइन जातात. टर्मिनल २ आणि ३ साठी एअरपोर्ट एक्सप्रेस, टर्मिनल १ साठी मॅजेंटा लाइन. चुकीच्या स्टेशनवर उतरलात की विमानतळ दिसतो, पण आपलं विमान दुसरीकडे असतं. देशांतर्गत विमानांचं चेक-इन साधारण ६० मिनिटं आधी बंद होतं. त्याआधी दारावर ओळखपत्र दाखवायचं, मग बॅगेच्या रांगेत उभं राहायचं. म्हणून मी सुटण्याच्या अडीच तास आधीच मेट्रोतून उतरते.

यात हुशारी कसलीच नाही. ज्यांच्या घरात दोन पिढ्या विमानाने फिरल्या, त्यांना हे जेवता-जेवता कळतं. आपल्याला मुलाखतीच्या दिवशी कळतं. उशीर झाला की ‘यांना शिस्तच नाही’ असा शेरा बसतो, आणि वारशाने मिळालेली माहिती मेरिट म्हणून मिरवते. जात अशीही काम करते.

म्हणून उमेदवाराला तिकीट काढून देणाऱ्या संस्थांनी सोबत दोन ओळी लिहाव्यात: टर्मिनल कोणतं, उतरायचं कुठे, किती वाजता पोहोचायचं. संस्था लिहीत नसतील, तर ते आपण करू. तुमच्या वस्तीतून, हॉस्टेलमधून कुणी पहिल्यांदा विमानाने निघालं असेल, तर आदल्या रात्री त्याला फोन करा.