हॉपला आधी बोलू द्या

परदेशी स्थायिक झालेले आपले पुतणे-भाचे गेटवेहून बोटीने मांडव्याला उतरतात आणि घरगुती बिअरवर बोलू लागतात. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं त्यांना ती मोकळीक आहे. इथे परवान्याशिवाय केलीत तर चव बघायला पोलीस येतील!

यांचा प्रश्न एकच : हॉपची अनोळखी जात मिळालीय, कृती कुठली निवडू? हॉप म्हणजे बिअरला कडवटपणा नि सुगंध देणारी वेलीची फुलं. आणि यांना आवडलेली कृती? करपवलेले जव, संत्र्याची साल, धणे, वर आणखी तीन जातींचे हॉप! अहो, ही पाहुण्याशी ओळख की पाहुण्याला जत्रेत हरवणं?

अलिबागचा पांढरा कांदा पहिल्यांदा खाणाऱ्याला आपण मिसळीवर घालून देतो का? कच्चाच देतो, भाकरीबरोबर. तसेच मोड आणून हलके भाजलेले जव घ्या आणि हा एकच हॉप. थोडा तासभर उकळा, कडवटपणा कळेल. बाकीचा शेवटच्या दहा मिनिटांत टाका, सुगंध कळेल. बिअर फसली तरी हॉप कसा आहे ते कळेल. तुमच्या त्या कृतीत मात्र हॉप वाईट निघाला तरी अब्रू धण्यांची जाते.

साधी कृती भित्र्यांची, म्हणे! उलट आहे. मसाल्याआड लपतो तो भित्रा.